अक्षर मोत्यासारखं नको, वाचता येणारं हवं

भिलाईच्या टाऊनशिपमध्ये दहावीचं वर्ष अख्ख्या घराचं असतं. पोलाद कारखाना उभा राहिला, १९५९मध्ये पहिली भट्टी पेटली, आणि विदर्भातली कितीतरी मराठी घरं सेक्टरांमधल्या क्वार्टरांत स्थिरावली. त्यांची नातवंडं आज घरी मराठी, बाजारात हिंदी आणि बहुतेकदा शाळेत इंग्रजी वापरतात. त्यातल्या एखाद्याला डिस्लेक्सिया असेल, तर प्रीबोर्डच्या पेपरात तो ठळक दिसतो. तोंडी विचारलं तर उत्तर चोख येतं, कागदावरचं मात्र तपासणाऱ्याला लागत नाही. मग घरीदारी एकच ऐकू येतं, ‘जरा नीट लिही ना!’ कुणी घरातलं मराठी बंद करायलाही सुचवतं. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. जास्त भाषा बोलल्यानं डिस्लेक्सिया होत नाही आणि मूल आळसानंही तसं लिहीत नाही.

लिहिताना शब्दाचे आवाज सुटे करायचे, त्यांची अक्षरं आठवायची, ती वळवायची आणि पुढचं वाक्यही धरून ठेवायचं, हे सगळं एकाच वेळी चालतं. डिस्लेक्सियात आवाज आणि अक्षर यांची सांगड घालतानाच दमछाक होते, म्हणून वळणाकडे लक्ष उरत नाही. देवनागरीत आणखी एक पेच आहे. ‘कि’ म्हणताना इकार नंतर येतो, पण वेलांटी कागदावर व्यंजनाच्या डावीकडे बसते. हाताच्या हालचालीतच अडचण असेल तर तिला डिसग्राफिया म्हणतात, आणि दोन्ही एकत्रही असू शकतात. बुद्धीशी याचा संबंध नाही.

म्हणून आधी दोष कुठे आहे ते पाहा. मुलाकडून तीन छोटे परिच्छेद लिहून घ्या. एक पुस्तकात पाहून, एक ऐकून, एक मनानं. पाहून लिहिलेलं स्वच्छ आणि मनानं लिहिलेलं विस्कटलेलं असेल, तर हाताला दोष देऊ नका, भार शुद्धलेखनाचा आणि मांडणीचा आहे. तिन्ही सारखेच विस्कटले असतील, किंवा अर्ध्या पानातच बोटं दुखत असतील, तर पकड आणि बैठक तपासा, आणि शक्य असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवा.

मग मनानं लिहिलेलं पान विषय ठाऊक नसलेल्या माणसाला वाचायला द्या. तो अडखळेल तिथे पेन्सिलीनं खूण करा. खुणा बहुधा थोड्याच अक्षरांभोवती जमतात. ‘भ’चा ‘म’ होतो, ‘घ’चा ‘ध’, इंग्रजीत ‘ए’ उघडा राहून ‘यू’ दिसतो. आठवड्याला तेवढी दोन-तीन अक्षरंच घ्या. परीक्षा तोंडावर असताना सगळं वळण बदलायला जाऊ नका, वेग जाईल आणि धीरही. रोज दहा-पंधरा मिनिटं पुरेत, पण सराव सुविचारांवर नको, विज्ञान-इतिहासाच्या खऱ्या उत्तरांवर हवा. दोन शब्दांत एका अक्षराची जागा, दोन उत्तरांत एक कोरी ओळ, प्रश्नक्रमांक समासात, खोडायचं तर एकच आडवी रेघ. एवढ्यानं पान उघडं होतं. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वळण एकसारखं राहावं, हा त्यातला आग्रह या मुलांनाही उपयोगी आहे. तपासणाऱ्याचा डोळा एकसारखेपणावरच चालतो.

सरावाइतकाच हक्कही महत्त्वाचा आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं डिस्लेक्सियासारख्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली. पात्र विद्यार्थ्याला सीबीएसई दर तासामागे २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जादा देतं. लेखनिक मिळू शकतो, संगणकाचीही सोय आहे. विकास कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ११ फेब्रुवारी २०२१ रोजी निकाल दिला, की लिहिण्यात खरी अडचण असेल तर ४० टक्के अपंगत्वाची अट दाखवून लेखनिक नाकारता येणार नाही. मात्र कागद वेळेत हवेत. २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनी आठव्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी सांगितली होती. म्हणजे लहानपणी काढलेलं प्रमाणपत्र नेमकं दहावीच्या आधी जुनं ठरू शकतं. त्यावरची तारीख आजच बघा. सरकारी रुग्णालय आणि शाळा यांच्यामार्फतच हे काम होतं, परीक्षेच्या आठवड्यात ते उरकत नाही.

जादा तास मिळाला तरी चार तास बसून लिहायची सवय लागते, आणि लेखनिकाला सांगून लिहवून घेणं हेही शिकावं लागतं. म्हणून शाळांनी या सवलती बोर्डापर्यंत राखून ठेवू नयेत, सहामाहीपासूनच द्याव्यात. पालकांनी त्या मागताना संकोच करू नये. वर्षभर अभ्यास केलेल्या मुलाचे गुण केवळ अक्षर लागलं नाही म्हणून जाणं हा अन्याय आहे, आणि तो टाळणं आपल्या हातात आहे.