क्रीमसाठी मेण निवडताना : मधमाशीची जात आणि मलमाचा दाटपणा

महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. अशा गावांत मधाबरोबर मेणही हाताशी असते आणि त्यापासून घरगुती क्रीम तयार करणे हा महिला बचत गटांना सहज सुचणारा जोडधंदा आहे. मात्र पुस्तकातील कृती काटेकोरपणे पाळूनही क्रीम रवाळ होते किंवा काही दिवसांत त्यातून पाणी सुटते, असा अनुभव येऊ शकतो. त्याचे एक महत्त्वाचे कारण मेण देणाऱ्या मधमाशीच्या जातीत आहे.

कामकरी माशीच्या उदराच्या खालच्या बाजूस मेणग्रंथींच्या चार जोड्या असतात. त्यांतून स्रवणाऱ्या मेणात प्रामुख्याने एस्टर, हायड्रोकार्बन आणि काही मुक्त मेदाम्ले असतात. यांपैकी मुक्त मेदाम्लांचे प्रमाण जातीनुसार बदलते. ते मोजण्याचे परिमाण म्हणजे आम्लमूल्य : १ ग्रॅम मेणातील मुक्त आम्ल उदासीन करण्यास लागणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, मिलिग्रॅममध्ये. युरोपीय मेलिफेरा मधमाशीच्या मेणाचे आम्लमूल्य सुमारे १७ ते २४ असते. आपल्याकडील सातेरी, आग्या आणि फुलोरी माश्यांच्या मेणाचे आम्लमूल्य बहुधा १० च्या आतबाहेर किंवा त्याहूनही कमी असते. सह्याद्रीतील पेट्यांत मुख्यतः सातेरी पाळली जाते, म्हैसूरनजीकच्या एच. डी. कोटे परिसरात आणि बिळिगिरीरंगन टेकड्यांत आदिवासी बांधव आग्या मोहोळांचे मध व मेण गोळा करतात. दोन्हीकडचे मेण कमी आम्लाचेच.

याचा क्रीमशी संबंध असा. पारंपरिक कोल्ड क्रीममध्ये टाकणखार मेणातील मुक्त आम्लाशी संयोग पावून साबण तयार करतो आणि हाच साबण तेल व पाणी एकत्र धरून ठेवतो. प्रचलित कृतीत मेण १६ ग्रॅम, खनिज तेल ५० ग्रॅम, पाणी ३३ ग्रॅम आणि टाकणखार १ ग्रॅम असतो. मेणाचे आम्लमूल्य २० असेल, तर हिशेबाने १.१ ग्रॅम टाकणखार लागतो, म्हणजे कृती बरोबर जुळते. तेच मूल्य ७ असेल, तर जेमतेम ०.४ ग्रॅम पुरतो. उरलेला टाकणखार स्फटिकरूपाने क्रीममध्ये रवा धरतो. टाकणखार नुसता कमी केला, तर साबण अपुरा पडून पायस फुटते. यावर सोपा उपाय म्हणजे साधारण १ ग्रॅम स्टिअरिक आम्ल वितळलेल्या मेणात मिसळून आम्लाची तूट भरून काढणे. मग टाकणखार १ ग्रॅमच ठेवता येतो. मेण व तेल आणि टाकणखाराचे पाणी ही दोन्ही मिश्रणे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून एकत्र करावीत आणि थंड होईपर्यंत ढवळावीत. आधी १०० ग्रॅमचाच नमुना करून तो दोन-तीन आठवडे पाहावा.

दाटपणा देणारे पदार्थ निवडताना एक नियम लक्षात ठेवावा : पायसाची जी अवस्था बाहेर असते, तिला दाट करावे. वरील क्रीममध्ये तेल बाहेर आणि पाण्याचे थेंब आत असतात. म्हणून तेथे मेणासारखे तेलात विरघळणारे पदार्थच उपयोगी पडतात. पाणी बाहेर असलेल्या पातळ लोशनमध्ये मेण वाढवले, तर ते त्वचेवर जड आणि चिकट वाटते. तेथे मेण १ ते २ टक्के ठेवून सेटिल अल्कोहोलची जोड द्यावी आणि पाण्याला झँथन किंवा गवार गोंदाने दाट करावे. त्यासाठी ०.२ ते ०.५ टक्के गोंद पुरतो. तो आधी थोड्या ग्लिसरीनमध्ये कालवल्यास गुठळ्या होत नाहीत. अशा लोशनला स्वतंत्र पायसीकारक मात्र हवाच. गोंद त्याची जागा घेत नाही.

कोकणात भेगाळलेल्या टाचांना लावले जाणारे कोकमाचे भिरंडेल हाही चांगला जोडीदार आहे. ते सुमारे ४० अंशांना वितळते, तर मेण ६२ ते ६५ अंशांना. म्हणून भिरंडेलाने मलम त्वचेवर लवकर पसरते आणि मेणामुळे ते उन्हाळ्यातही आकार धरून राहते. विदर्भ-मराठवाड्यात विकायच्या मालात मेणाचा वाटा थोडा अधिक ठेवावा. पाणी अजिबात न घालता १ भाग मेण व ४ ते ५ भाग तेल घेतल्यास टाकणखाराविना घट्ट मलम होते. नवख्या गटांनी प्रारंभ यानेच करावा.

मेण खरेदी करताना सावधगिरी आवश्यक आहे. पॅराफिनचे आम्लमूल्य जवळजवळ शून्य असल्याने भेसळीनेही हा आकडा घसरतो. त्यामुळे एस्टरमूल्यही तपासून घ्यावे. देशी मेणात ते कमी नसते, भेसळीच्या मेणात मात्र तेही उतरते. या दोन्ही चाचण्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत होऊ शकतात.

मेण परिरक्षक नाही. पाणी असलेल्या प्रत्येक क्रीममध्ये मान्यताप्राप्त परिरक्षक घालणे अनिवार्य समजावे. टाकणखार असलेले क्रीम तान्ह्या मुलांना किंवा जखमेवर लावू नये. विक्रीसाठी उत्पादन करायचे असल्यास सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० अन्वये परवाना आधी घ्यावा लागतो. मेणाचा प्रत्येक नवा साठा आला की त्यावर माशीची जात, ठिकाण आणि आम्लमूल्य यांची चिठ्ठी लावावी. टाकणखार आणि स्टिअरिक आम्लाची मात्रा त्या चिठ्ठीवरूनच ठरवावी.