सावलीसाठी मेपल की हॅकबेरी?

मागच्या व्याख्यानानंतर मिनियापोलिसहून एका ताईंचा प्रश्न आला. घराच्या पश्चिमेला एकाच झाडाची जागा आहे, ऑटम ब्लेझ मेपल लावू की हॅकबेरी? आज तेवढंच बघू.

जागा त्यांनी बरोबर निवडली आहे. पानगळीचं झाड हिवाळ्यात ऊन आत सोडतं असं आपण म्हणतो, पण नुसत्या फांद्याही बरंच ऊन अडवतात. म्हणून दक्षिणेची खिडकी मोकळी ठेवायची आणि उन्हाळ्यातलं दुपारनंतरचं ऊन पश्चिमेच्या झाडावर घ्यायचं.

थंडीचं म्हणाल, तर दोन्ही झाडं झोन ३ मध्ये, म्हणजे उणे ४० अंशांपर्यंत टिकतात. (त्या आकड्याला फॅरनहाइट आणि सेल्सिअस एकच होतात, तेव्हा कोणते अंश ते विचारू नका!) मग फरक कुठे पडतो? एक तर सालीत. कोवळ्या मेपलची साल पातळ असते. हिवाळ्यातल्या दुपारी नैर्ऋत्येचं ऊन ती तापवतं, सूर्य मावळला की ती एकदम गोठते आणि उकलते. पहिली काही वर्षं थंडीत खोडाला पांढरं वेष्टन लावावं लागतं, वसंतात ते काढायचंही असतं. दुसरं म्हणजे माती. माती अल्कधर्मी असेल तर मेपलला मँगनीज मिळत नाही. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हॅकबेरीला अशी माती चालते.

मेपल भराभर वाढतो, शरदात लालभडक होतो. मोह पडतोच. पण त्याच्या फांद्यांचे बेचके अरुंद असतात. लहानपणी छाटणी केली नाही तर वादळात झाड चिरतं. हॅकबेरी सुरुवातीला रेंगाळते, तिचा शरद नुसता पिवळा, आणि पानांवर कीटकांमुळे गाठी येतात. दिसायला वाईट, पण झाडाला त्याचं काही नाही.

आमचा कौल मात्र यातल्या कशावरून ठरत नाही. ताईंनी आधी गल्लीतून एक चक्कर मारावी आणि मेपल मोजावेत. या शहरात रस्तोरस्ती एल्म होते. १९७० च्या दशकात डच एल्म रोगाने ते हजारोंनी गेले. त्या जागी अ‍ॅश भरपूर लावले गेले. त्या झाडाला पोखरणारा हिरवा भुंगा २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला, २००९ मध्ये शेजारच्या सेंट पॉलला पोचला. आता त्या खड्ड्यांत पुन्हा सगळ्यांनी मेपलच लावायचे का? फ्रँक सँटामूर यांनी १९९० मध्ये एक ठोकताळा दिला: शहरात एका जातीची झाडं १० टक्क्यांच्या वर नसावीत, एका प्रजातीची २० आणि एका कुळाची ३०. गल्लीत मेपल दाटले असतील, तर हॅकबेरीच घ्या.

लावताना एक बघा. खोड जिथे मुळांकडे रुंदावतं तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. खोल लावलं की मुळं खोडालाच विळखा घालतात, आणि ते कळायला दहा-पंधरा वर्षं जातात.