शहाणं बोलणं म्हणजे नुसतं गोड बोलणं का? 'नीतिसूत्रे' संशोधकाच्या नजरेने वाचताना

संशोधनाच्या तयारीला लागलेल्या मित्रमैत्रिणींनो, धर्मग्रंथावर किंवा जुन्या वाङ्मयावर काम करायला घेतलं की पहिली अडचण येते ती ओळखीच्या वाक्यांची. लहानपणापासून कानावर पडलेल्या वाक्याचा अर्थ आपल्याला माहीतच आहे असं वाटतं. मग प्रश्न पडत नाही. आणि प्रश्न नाही म्हणजे संशोधनही नाही. म्हणून आज असंच एक ओळखीचं वचन घेऊन बघू या.

बायबलच्या जुन्या करारात 'नीतिसूत्रे' नावाचं पुस्तक आहे. सदाचार आणि शहाणं बोलणं हे त्याचे दोन मोठे विषय. त्यातल्या १८:२१ या वचनाचा आशय असा की माणसाला मारणं आणि जगवणं, दोन्ही जिभेला जमतं. यावरून आपण सहसा काय शिकतो? जपून बोला, गोड बोला, रागात तोंड उघडू नका. हे काही चुकीचं नाही. पण संशोधकाने इथे एक साधा प्रश्न विचारायचा: यातलं 'मरण' हा अलंकार आहे की खरंखुरं मरण?

पायरी पहिली: शेजार बघा

त्याच अठराव्या अध्यायात थोडं मागे जा. पाचव्या वचनात दुष्टाची बाजू घेऊन नीतिमानाला न्याय नाकारण्याबद्दल ताकीद आहे. सतराव्यात असं निरीक्षण आहे की वादात जो आधी बोलतो तोच खरा वाटतो, पण दुसरा येऊन उलटतपासणी करेपर्यंतच. अठराव्यात वाद मिटवायला चिठ्ठ्या टाकण्याचा उल्लेख येतो. ही भाषा कुठली आहे? सरळ सरळ न्यायनिवाड्याची.

आता मूळ हिब्रू शब्द बघा. मराठीत आपण 'नीतिमान' म्हणतो, तिथे हिब्रूत 'त्सद्दीक' हा शब्द आहे. 'नीतिमान' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सज्जन, देवभीरू माणूस येतो. 'त्सद्दीक'चा तोही अर्थ आहेच. पण अनुवाद २५:१ मध्ये न्यायाधीश ज्याला निर्दोष ठरवतात त्यालाही हाच शब्द वापरलाय. वर सांगितलेल्या सतराव्या वचनातही, जो आधी बोलतो तो 'त्सद्दीक' वाटतो, असंच म्हटलंय. म्हणजे सदाचार आणि बोलणं हे दोन वेगवेगळे कप्पे नाहीत. कोण निर्दोष हे कोणाच्या तरी बोलण्यावरच ठरत होतं.

पायरी दुसरी: हे बोलणं कुठे चालायचं ते शोधा

प्राचीन इस्राएलात निवाडा व्हायचा तो नगराच्या वेशीत. आपल्याकडे गावची चावडी असायची, साधारण तसंच. रूथच्या पुस्तकात चौथ्या अध्यायात बवाज वेशीत दहा वडीलधाऱ्यांना बसवून व्यवहार पुरा करतो. आमोस संदेष्टा वेशीत न्याय स्थापन करा म्हणतो. उत्तर इस्राएलमधल्या तेल दान इथे उत्खननात वेशीपाशी दगडी बाकही सापडलाय.

या वेशीत साक्षीला केवढं वजन होतं? अनुवाद १७:६ प्रमाणे दोन किंवा तीन साक्षीदारांच्या शब्दावर देहदंड देता येत होता. म्हणूनच १९व्या अध्यायात खोट्या साक्षीदाराला कडक शिक्षा सांगितली आहे: दुसऱ्यावर जे संकट आणायचा त्याचा डाव होता, तेच त्याच्यावर आणायचं. आणि १ राजे, अध्याय २१ मध्ये हे प्रत्यक्ष घडताना दिसतं. नाबोथ आपला द्राक्षमळा अहाब राजाला द्यायला नकार देतो. ईजबेल राणी दोन खोटे साक्षीदार उभे करते. नाबोथाला दगडमार करून मारतात आणि मळा राजाच्या घशात जातो. नाबोथाला खरं मारलं कोणी? दगड मारणाऱ्यांच्या आधी दोन जिभांनी.

हे ध्यानात ठेवून १८:२१ पुन्हा वाचा. मरण हा शब्द आता नुसता अलंकार वाटत नाही.

पायरी तिसरी: आपल्याविरुद्धचा पुरावा आपणच मांडा

इथेच बरेच विद्यार्थी घाई करतात आणि 'नीतिसूत्रे म्हणजे न्यायालयाचं पुस्तक' असा निष्कर्ष लिहून टाकतात. जरा थांबा. १५:१ मध्ये मवाळ उत्तराने राग शांत होतो असं म्हटलंय, ते घरातही लागू होतं. १७:२८ मध्ये गप्प बसलेला मूर्खही शहाणा ठरतो. शिवाय शेजारशेजारची वचनं मुद्दाम तशी लावली आहेत की फक्त एकत्र गोळा केली आहेत, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यामुळे आपला दावा मर्यादित ठेवायचा: वेस ही या वचनांमागच्या जागांपैकी एक जागा आहे, एकमेव नव्हे.

पण ही एक जागा धरली तरी बराच फरक पडतो. 'जिभेला लगाम घाल' हा उपदेश सहसा कोणाला केला जातो? ज्याचं आधीच कोणी ऐकत नाही त्यालाच. सुनेला, मजुराला, धाकट्याला. आता ३१:८-९ बघा. लमुएल राजाची आई मुलाला सांगते की ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी तू तोंड उघड, गरिबाला न्याय दे. इथे गप्प बसणं हाच अधर्म आहे. एकच पुस्तक कधी गप्प राहायला सांगतं, कधी बोलायला. कोणी, कोणासाठी आणि कुठे बोलायचं, हे ओळखणं म्हणजे त्या पुस्तकाच्या लेखी शहाणपण.

पायरी चौथी: धागा पुढे कुठे जातो?

नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात तिसरा अध्याय जिभेवर आहे. लगाम, सुकाणू आणि रान पेटवणारी ठिणगी हे दाखले बहुतेकांना माहीत असतात. पण पुन्हा शेजार बघा. दुसऱ्या अध्यायात श्रीमंताला चांगली जागा आणि गरिबाला पायापाशी बसवण्यावर टीका आहे, श्रीमंत तुम्हाला न्यायालयात खेचतात याची आठवण आहे. उघड्यानागड्या, भुकेल्या माणसाला नुसते शुभेच्छांचे शब्द देण्याचा काय उपयोग, असाही प्रश्न आहे. पाचव्यात मजुरांची अडवलेली मजुरी ओरडते आहे. म्हणजे इथेही वाणीचा विषय न्यायाला चिकटूनच येतो. आणि तिसऱ्या अध्यायाची सुरुवात कोणाला उद्देशून आहे? शिक्षकांना. फार जणांनी शिक्षक होऊ नये, कारण त्यांचा न्याय जास्त कडक होणार.

मग प्रश्न कसा मांडायचा?

'बायबलमधील वाणीचे महत्त्व' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. 'नीतिसूत्रे १०:१ ते २२:१६ या संग्रहातली बोलण्यावरची वचनं किती प्रमाणात न्यायनिवाड्याची भाषा वापरतात?' हा प्रश्न झाला. याला हद्द आहे, पुरावा तपासता येतो आणि उत्तर 'फार कमी' असंही येऊ शकतं. तसं आलं तर तसंच लिहायचं. खोटी साक्ष फक्त वेशीतच देता येते असं थोडंच आहे? प्रबंधातही देता येते.

आता सराव म्हणून २६:४ आणि २६:५ ही लागोपाठची दोन वचनं वाचा. एकात मूर्खाला उत्तर देऊ नको म्हटलंय, दुसऱ्यात दे म्हटलंय. दोन्ही एकमेकांशेजारी का ठेवली असतील? वहीत आधी तुमचं स्वतःचं उत्तर लिहा, टीकाग्रंथ त्यानंतर उघडा.