नेट येत नाही, म्हणजे नेमकं काय होत नाही?

छपाईच्या दुकानात कोपऱ्यातल्या टेबलावर एक यंत्र हमखास दिसतं. पिवळट पडलेला डबा, विंडोज एक्सपी, त्यात पेजमेकर आणि वर्षानुवर्षं जमवलेले मराठी फॉन्ट. लग्नपत्रिका, जत्रेचे फलक, पतसंस्थेचे अहवाल, सगळं त्याच्यावरच होतं. पेजमेकरची सातवी आणि शेवटची मालिका २००१ मध्ये आली. जुने फॉन्ट युनिकोडचे नाहीत, शिवाय एखाद्या सॉफ्टवेअरचं हार्डवेअर लॉक मागच्या पोर्टात कायमचं अडकलेलं. त्यामुळे ‘नवा घेऊन टाका’ हा सल्ला द्यायला सोपा, पाळायला महाग. मग एके दिवशी दुकानात फायबर येतं, राउटर भिंतीवर ठोकला जातो, आणि या यंत्राच्या पडद्यावर उजवीकडे खाली लाल फुली तशीच राहते. तिथून निदानं सुरू होतात. शेजारचा मोबाइलवाला एक सांगतो, भाचा दुसरं, आणि दोघेही बहुधा चुकतात.

मोबाइलवाल्याचं निदान ठरलेलं: “याला वायफाय नाही, आत कार्ड टाकावं लागेल.” पण डब्याच्या मागे लॅनचा चौकोनी पोर्ट असेल तर आत काहीच टाकावं लागत नाही. राउटर त्याच खोलीत असेल तर एक केबल पुरते. राउटर लांब असेल तर हजार-दोन हजारांच्या घरातला, लॅन पोर्ट असलेला रेंज एक्स्टेंडर किंवा क्लायंट मोड असलेला छोटा राउटर टेबलावर ठेवायचा. तो भिंतीवरच्या राउटरशी वायफायने बोलतो आणि संगणकाला वीतभर केबलने जोडला जातो. वायफायचा पासवर्ड, एनक्रिप्शन, ५ गिगाहर्ट्झ ही सगळी नव्या जगाची भानगड तो डबा सांभाळतो. एक्सपीला वाटतं, आपल्याला साधी वायर लागली आहे. वायफायचा ड्रायव्हर लागत नाही, स्लॉट लागत नाही, आणि एकदा मोबाइलवरून सेटिंग केलं की यंत्राला हातही लावावा लागत नाही. विस्ताराला जागाच नसलेल्या जुन्या यंत्रासाठी याच्याइतका बिनबोभाट उपाय नाही. तरी तो सर्वात शेवटी सुचतो, कारण लोकांच्या डोक्यात एक्स्टेंडर म्हणजे फक्त रेंज वाढवणारी वस्तू असते.

“लॅन जळलंय” हे त्याखालोखाल लाडकं निदान. ते कधीकधी खरंही असतं. वळवाच्या पावसात वीज कडाडली की केबलमधून झटका येऊन पोर्ट मरतो, हे दुरुस्तीवाल्यांना चांगलं माहीत आहे. पण त्याआधी डिव्हाइस मॅनेजर उघडून पाहावं. तिथे ‘इथरनेट कंट्रोलर’ या नावापुढे पिवळं प्रश्नचिन्ह असेल तर चिप जिवंत आहे, फक्त तिचा ड्रायव्हर नाही. यंत्र नुकतंच फॉरमॅट मारून आलं असेल तर हेच झालेलं असतं. रिअलटेकच्या जुन्या ८१३९ चिपचा ड्रायव्हर एक्सपीतच होता. नंतरच्या गिगाबिट चिपांचा नव्हता. तो नेटवरून उतरवायचा तर नेट हवं, आणि नेट हवं तर ड्रायव्हर! हा तिढा सोडवायला दुसऱ्या संगणकावर फाइल उतरवून पेनड्राइव्हने आणायची, इतकंच. यादीत इथरनेटचं नावच नसेल तर बायोसमध्ये जाऊन ऑनबोर्ड लॅन बंद करून ठेवलेलं नाही ना, हे बघायचं. तिथेही सुरूच दिसत असेल, तर मात्र वळवाच्या पावसावर संशय घ्यायला हरकत नाही.

पोर्ट मेलेलाच असेल, तर प्रश्न स्लॉटचा येतो आणि इथे खरेदीत पैसे वाया जातात. पीसीआय आणि पीसीआय एक्सप्रेस ही नावं भावंडांसारखी असली तरी एकाचं कार्ड दुसऱ्यात बसत नाही. पीसीआयचा स्लॉट लांब, बहुधा पांढरा. एक्सप्रेसचा ‘एक्स१’ स्लॉट बोटाच्या पेराएवढा. पण “स्लॉटच शिल्लक नाही” हेही अनेकदा खरं नसतं. ग्राफिक्स कार्डासाठीचा लांब ‘एक्स१६’ स्लॉट रिकामा असेल, तर एक्स१ चं लॅन कार्ड त्यात बसतं आणि चालतं. अपवाद एवढाच की काही जुने बोर्ड त्या स्लॉटमध्ये काहीही दिसलं की ऑनबोर्ड डिस्प्ले बंद करतात.

लॅपटॉपची गोष्ट जरा वेगळी. नव्वदीच्या उत्तरार्धातल्या लॅपटॉपच्या कडेला कार्डासाठी एक चपटी खाच असते. तिला सगळे पीसीएमसीआयए म्हणतात, पण त्या खाचेत दोन पिढ्या आहेत: १६ बिटांची जुनी आणि १९९५ च्या प्रमाणात आलेली ३२ बिटांची कार्डबस. कार्ड हातात घेऊन जोडणीकडची कड पाहिली की ओळख पटते. कार्डबसच्या कार्डावर तिथे बारीक उंचवट्यांची सोनेरी पट्टी असते. जुनं कार्ड नव्या खाचेत चालतं, पण कार्डबसचं कार्ड जुन्या खाचेत जात नाही. त्याची कड मुद्दाम तशी घडवलेली असते. जोर लावला तर आतल्या पिना वाकतात आणि उरलासुरला मार्गही बंद होतो.

२००६ नंतरच्या लॅपटॉपमध्ये वायफाय कार्ड झाकणाखाली असतं, ते बदलता येतं, पण दोन सापळे आहेत. काही थिंकपॅड आणि एचपी लॅपटॉपांच्या बायोसमध्ये मान्यताप्राप्त कार्डांची यादी असते. यादीबाहेरचं कार्ड लावलं की थिंकपॅड १८०२ क्रमांकाची चूक दाखवून सुरू व्हायलाच नकार देतो. कार्ड खराब असल्याचा समज तिथून होतो, आणि चांगलं कार्ड परत केलं जातं. दुसरा सापळा आकड्याचा. इंटेलचं एएक्स२०० जुन्या यंत्रातही योग्य अडॅप्टरने चालू शकतं. एएक्स२०१ एकाने मोठं म्हणून भारी वाटतं, पण ते इंटेलच्या ठरावीक नव्या चिपसेटांखेरीज कुठेच चालत नाही, कारण वायफायचं अर्धं काम तिथे प्रोसेसरच्या बाजूला ठेवलेलं असतं.

वायफाय आहे, पण यादीत घरच्या राउटरचं नावच दिसत नाही. “कार्ड गेलं.” गेलेलं नसतं. स्वस्त आणि जुनी कार्डं फक्त २.४ गिगाहर्ट्झ ऐकतात, ५ गिगाहर्ट्झवरचं नाव त्यांच्या कानावरच पडत नाही. त्यातही राउटरने १२ किंवा १३ वा चॅनल धरला तर अमेरिकी बाजारासाठी बनलेलं कार्ड तेही ऐकत नाही, कारण ते अकरापर्यंतच मोजतं. भारतात तेरापर्यंत परवानगी आहे. राउटरमध्ये जाऊन २.४ चं वेगळं नाव ठेवलं आणि चॅनल १, ६ किंवा ११ केला की ‘गेलेलं’ कार्ड परत येतं. नाव दिसतं, पण पासवर्ड बरोबर असूनही आत घेत नाही, तेव्हा भांडण एनक्रिप्शनचं असतं. डब्ल्यूपीए२ एक्सपीत आपसूक आलं ते २००८ च्या सर्व्हिस पॅक ३ मध्ये, त्याआधी वेगळं अपडेट टाकावं लागायचं. डब्ल्यूपीए३ तर २०१८ चं. राउटरवर फक्त डब्ल्यूपीए३ ठेवलं असेल तर जुन्या यंत्राने कितीही वेळा पासवर्ड टाकला तरी उपयोग नाही.

यूएसबी डोंगलबद्दल थोडक्यात. खोक्यावर एक्सपीचं नाव नसेल तर घेऊ नये. काही डोंगल लावल्यावर आधी ड्रायव्हरची सीडी म्हणून प्रकट होतात आणि लिनक्सवाले गोंधळतात. आणि यूएसबी १.१ चा पोर्ट असेल तर १२ मेगाबिटच्या वर काही मिळत नाही, डोंगलवर काहीही छापलेलं असो.

त्यापेक्षा खिशातला मोबाइल बरा. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून टिदरिंग सुरू केलं की डेटा पॅक संपतो, अशी भीती असते. फोन वायफायवर असेल तर बहुतेक अँड्रॉइड तेच वायफाय केबलमधून पुढे देतात, म्हणजे फोन चक्क वायफाय कार्ड होतो. विंडोज ७ आणि लिनक्सवर हे सहसा आपोआप जमतं. आयफोनचं हॉटस्पॉट मात्र मोबाइल डेटाच वाटतं.

आता सर्वात फसवी तक्रार: कनेक्टेड दाखवतं, पण एकही पान उघडत नाही. कमांड विंडोत ‘आयपीकॉन्फिग’ लिहून पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, यंत्राने स्वतःच एक धरून ठेवला आहे. पत्ता नीट असेल आणि बाहेरच्या एखाद्या वेबसाइटला केलेल्या ‘पिंग’ला उत्तर येत असेल, तर नेट आलेलं आहे, कुरकुर ब्राउझरची आहे. तेव्हा नजर घड्याळाकडे जावी. मदरबोर्डवरचा रुपयाच्या नाण्यासारखा सीआर२०३२ सेल संपला की तारीख मागे जाते. त्या तारखेला वेबसाइटचं प्रमाणपत्र जन्मलेलंच नसतं, म्हणून ब्राउझर ते नाकारतो. सेल बदलला, तारीख लावली, की अर्धी पानं उघडतात. उरलेली अर्धी टीएलएसमुळे अडतात: एक्सपी स्वतः टीएलएस १.० पर्यंतच बोलतं आणि मोठ्या ब्राउझरांनी ती जुनी बोली २०२० मध्ये सोडली. एक्सपीवर चालणारी फायरफॉक्सची ५२ वी आवृत्ती टीएलएस १.२ बोलते, मात्र तिचे अपडेट २०१८ मध्ये थांबले. एक्सपीचे त्याआधीच, ८ एप्रिल २०१४ ला.

म्हणून छपाईवाल्याला खरं तर इंटरनेट हवं आहे का, हे भाच्याने आधी विचारायला हवं होतं. त्याला हवी असते गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो पेजमेकरपर्यंत नेणारी वाट. पेनड्राइव्हने भागत असेल तर बाकीचा खटाटोप करूच नये. मात्र दिवसात वीस वेळा तो काढायचा-घालायचा आणि त्यातून व्हायरस फिरवायचे, याचा कंटाळा आला असेल तर दुकानापुरतं नेटवर्क पुरतं. इथेही एक गैरसमज आडवा येतो. नव्या विंडोज १० किंवा ११ ला एक्सपीचं शेअर केलेलं फोल्डर दिसत नाही, तेव्हा केबलवर आळ येतो. एक्सपी फाइलींची देवाणघेवाण एसएमबी १ ने करतं. त्या पद्धतीतल्या भोकातून मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस शिरला आणि त्याच वर्षीच्या शरदातल्या आवृत्तीपासून विंडोज १० ने ती मुळात बसवणंच बंद केलं. ती नव्या लॅपटॉपवर पुन्हा सुरू करण्यापेक्षा यूएसबी पोर्ट असलेल्या राउटरला एक पेनड्राइव्ह लावून त्यावर एफटीपी चालू करावं. दुकानाबाहेरून कुणी आत येणार नाही, एवढं राउटरमध्ये पाहून घ्यावं आणि एक्सपीला इंटरनेट बंद ठेवावं. बऱ्याच राउटरांत एखाद्या यंत्रापुरती ती सोय असते. मोबाइलमधून फोटो त्या पेनड्राइव्हवर टाकला की एक्सपीच्या माय कॉम्प्युटरमध्ये वरच्या पट्टीत राउटरचा एफटीपी पत्ता लिहायचा, फोल्डर उघडतं, फोटो ओढून डेस्कटॉपवर घ्यायचा. हार्डवेअर लॉक मागच्या पोर्टातून हलवावं लागत नाही.