भूलतज्ज्ञ का मिळत नाहीत? सुरुवात कॉलेजातूनच व्हायला हवी

"सिझर करावं लागेल, पण भूलतज्ज्ञ नाहीत. जिल्ह्याला न्या." ग्रामीण भागात हे अनेकांनी ऐकलंय. भूलतज्ज्ञ नुसतं इंजेक्शन देऊन मोकळे होत नाहीत. ऑपरेशन संपेपर्यंत पेशंटचा श्वास, नाडी, बीपी तेच सांभाळतात.

एमबीबीएस साडेचार वर्षं, वर एक वर्ष इंटर्नशिप, मग एमडीची तीन वर्षं. कोणत्या विषयात एमडी करायचं, हे बरीच मुलं आधीच ठरवतात. भूलशास्त्र मात्र त्यांना थोडेच दिवस बघायला मिळतं. शिवाय ऑपरेशनचं नाव होतं ते सर्जनचं!

इथं विद्यार्थ्यांचे गट कामाला येतात. अमेरिका, ब्रिटनच्या मेडिकल कॉलेजांत असे गट आहेत. चालवतात मुलंच, एखादे प्राध्यापक मार्गदर्शन करतात. पुतळ्याच्या श्वासनळीत नळी घालायचा सराव, सीनियर डॉक्टरांशी गप्पा, थिएटरात उभं राहून काम बघणं. शेजाऱ्याचा प्लॉट बघून आपण नवं वाण लावतो ना, तसंच हे.

नुसत्या गटानं गावात डॉक्टर येणार नाहीत. पदं भरायला हवीत, राहायला क्वार्टर हवं. पण शिकणाराच नसेल तर पद भरणार कोण?

तुमच्या गावचं पोरगं-पोरगी एमबीबीएसला असेल तर हे सांगा. १६ ऑक्टोबर १८४६ला बोस्टनमध्ये ईथरची भूल देऊन ऑपरेशन करून दाखवलं, म्हणून तो दिवस जागतिक भूलशास्त्र दिन. गट सुरू करायला तोच मुहूर्त धरा म्हणावं.