बुरशी आलेलं अन्न : काय टाकावं, कसं टाकावं



पावसाळ्यात आपल्या नाशिक जिल्ह्यात घरोघर एक गोष्ट हमखास दिसते. टोपलीतल्या शिळ्या भाकरीवर पांढरी लव येते, लोणच्याच्या बरणीत वर पापुद्रा धरतो, कोपऱ्यातल्या गोणीतला मका हिरवट दिसू लागतो. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडे तर दिवसचे दिवस ऊन पडत नाही. तिथे विचारायलाच नको. अशा वेळी घरातली वडीलधारी माणसं भाकरी पुसतात, तव्यावर पुन्हा शेकतात आणि म्हणतात, "काही होत नाही, अन्न टाकू नये." अन्न टाकू नये हे खरंच आहे. पण ते केव्हा टाकावं, हेही कळलं पाहिजे. आज त्याचाच विचार करू.

बुरशी हा एक सजीव आहे. तिचे बीजाणू, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं बियाणं, हवेत सगळीकडे तरंगत असतं. ओल आणि ऊब मिळाली की ते रुजतं. आधी अन्नाच्या आत बारीक तंतू पसरतात आणि मागाहून वर रंगीत लव येते. म्हणजे लव दिसली तेव्हा आतलं काम बरंचसं झालेलं असतं. वरचा भाग खरवडून भाकरी चांगली होत नाही, ती एवढ्याचसाठी.

आता तुम्ही विचाराल, विषारी बुरशी ओळखायची कशी? याचं सरळ उत्तर असं, की ती घरी ओळखता येत नाही. काळी, हिरवी, पांढरी, गुलाबी, कोणत्याही रंगावरून खात्री देता येत नाही. वास घेऊन किंवा चव घेऊन पाहणं तर मुळीच नको. कोणी म्हणेल, पेनिसिलिनचं औषध बुरशीतूनच निघतं ना? निघतं. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना ते 1928 साली सापडलं आणि आपल्या पिंपरीला त्याचा सरकारी कारखाना 1954 साली स्थापन झाला. पण ते निवडलेल्या बुरशीपासून, शुद्ध करून काढलेलं औषध आहे. भाकरीवरची बुरशी म्हणजे औषध नव्हे.

बुरशीच्या विषाचा एक मोठा धडा 1960 साली इंग्लंडात मिळाला. तिथे टर्की जातीचे एक लाखाहून अधिक पाळीव पक्षी मेले. शोध घेता कारण निघालं खाद्यातली भुईमुगाची पेंड. त्या पेंडीवर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी वाढली होती आणि तिने सोडलेलं विष पेंडीत उतरलं होतं. त्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन असं नाव पडलं.

पण आपल्याला जवळची गोष्ट 1974 सालची आहे. गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा या भागांतल्या आदिवासी खेड्यांत माणसांना कावीळ होऊ लागली, पोटात पाणी भरू लागलं. सुमारे 400 माणसं आजारी पडली आणि त्यांतली 100 हून अधिक दगावली. घरची कुत्रीही त्याच दुखण्याने मेली, कारण तीही तेच अन्न खात होती. ते अन्न म्हणजे मका. अवकाळी पावसात तो भिजला, ओला साठवला गेला आणि बुरशीने भरला. दुसरं धान्य घरात नव्हतं, म्हणून लोकांनी तोच खाल्ला. आपल्याकडेही येवला, मालेगाव, चांदवडकडे मका भरपूर होतो आणि काढणीच्या दिवसांत परतीचा पाऊस गाठतो. म्हणून ही हकिगत परक्या मुलखाची समजू नका.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. शिजवल्याने किंवा भाजल्याने बुरशी मरते, पण तिने सोडलेलं हे विष तेवढ्याने जात नाही. ते यकृतावर घाला घालतं आणि थोडं थोडं पुष्कळ दिवस पोटात गेलं तर यकृताचा कर्करोगही होऊ शकतो.

मग करायचं काय? मऊ आणि ओलं अन्न, म्हणजे भाकरी, पाव, भात, आमटी, दही, खवा, लोणचं, मुरंबा, यांवर बुरशी दिसली की सगळंच टाकावं. टोमॅटो, द्राक्षं यांचंही तेच. गाजर, कोबी अशा घट्ट भाजीवर एखादा ठिपका असेल, तर त्याभोवतीचा बोटभर भाग खोल कापून टाकावा. बाकीचा वापरता येतो. लासलगाव-निफाडच्या मंडळींना चाळीतल्या कांद्यावरची काळी पूड माहीत आहेच. तीही बुरशीच. ती वरच्या पापुद्र्यापुरती असेल तर ते पापुद्रे काढून कांदा धुऊन घ्यावा. आत मऊ पडला असेल तर टाकावा.

बाजरीची गोष्ट थोडी वेगळी. फुलोऱ्यात पाऊस आणि ढगाळ हवा असली की कणसातून मधासारखे चिकट थेंब गळतात आणि मागाहून दाण्यांच्या जागी काळपट, टणक गाठी दिसतात. हा अरगट रोग. त्या गाठी दळणात गेल्या तर मळमळ, उलट्या, चक्कर येते. 10 लिटर पाण्यात 2 किलो मीठ विरघळवून त्यात बाजरी सोडावी. गाठी हलक्या असतात, त्या वर तरंगतात. त्या काढून टाकाव्यात. खालचं धान्य साध्या पाण्याने तीन-चार वेळा धुऊन कडक उन्हात वाळवावं.

खराब अन्न टाकतानाही काळजी हवी. नाकातोंडाला फडकं बांधा. झटकू नका, फुंकू नका, बीजाणू उडतात. दमेकरी माणसाने हे काम करू नये. अन्न हलकेच कागदात गुंडाळून, घरापासून व विहिरीपासून दूर, खड्ड्यात पुरा. भांडं व फळी गरम पाण्याने, साबणाने धुऊन उन्हात ठेवा आणि शेवटी हात धुवा. बुरशी आलेलं धान्य, पेंड किंवा कडबा जनावरांना घालू नका. गाईच्या पोटात गेलेल्या अफ्लाटॉक्सिनचा अंश दुधात उतरतो आणि दूध आपलीच मुलं पितात.

खरा उपाय आधीचा आहे. दाणा दाताखाली कटकन फुटेपर्यंत वाळवा, गार होऊ द्या, मगच कणगीत भरा. फुटके, किडके दाणे आणि चिरलेल्या शेंगा निवडून काढा. गोण्या फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. शेंगदाणा कडू किंवा कुबट लागला तर गिळू नका, थुंकून चूळ भरा.

गुरुजी, शाळेत एक प्रयोग करून दाखवा. भाकरीचा एक कडक वाळवलेला आणि एक पाणी शिंपडलेला तुकडा, दोन काचेच्या बाटल्यांत घालून झाकणं पक्की बसवा. आठ दिवस मुलांना बाहेरूनच पाहू द्या आणि रोज काय दिसतं ते वहीत लिहायला सांगा. बाटल्या मात्र उघडू नका. बंदच पुरून टाका. ओल म्हणजे काय, हे मुलं घरी जाऊन आईबापांना सांगतील.

आणि खराब धान्य खाऊन कोणाला उलट्या, चक्कर, कावीळ किंवा पोटफुगी झाली, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या आणि उरलेलं थोडं धान्य बंद पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवायला बरोबर घ्या.