कमांडची ‘हेल्प’ नेमकी कुठे जायला हवी? छोटा प्रश्न, पण घोळ मोठा

भिवंडी म्हटलं की यंत्रमाग आणि मोठमोठी गोदामं आठवतात. समजा, अशाच एका गोदामात रोज रात्री एक प्रोग्राम आपोआप चालतो आणि शिल्लक मालाची यादी फाइलमध्ये टाकतो. एके दिवशी कमांडमध्ये एक अक्षर चुकतं. सकाळी फाइल उघडली तर मालाच्या यादीऐवजी ‘हा प्रोग्राम असा वापरा’ अशी लांबलचक माहिती! असं का होतं?

दोन वेगळ्या वाटा

टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या काळ्या खिडकीत, प्रोग्रामला बोलायला दोन वाटा असतात. ‘स्टँडर्ड आउटपुट’ ही उत्तराची वाट, तर ‘स्टँडर्ड एरर’ ही तक्रारीची. एरवी दोन्हींचा मजकूर स्क्रीनवरच दिसतो, त्यामुळे फरक कळत नाही. मात्र ‘>’ वापरून उत्तर फाइलमध्ये पाठवलं की फक्त पहिल्या वाटेचा मजकूर फाइलमध्ये जातो.

ही विभागणी १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये, युनिक्स तयार होत असताना झाली. एररचे संदेशही फोटोटाइपसेटरच्या कागदावर छापून येऊ लागले, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळी वाट काढण्यात आली.

मग हेल्प कुठे पाठवायची?

मदत कोणी मागितली होती का, यावर ते ठरतं.

• वापरणाऱ्याने ‘--हेल्प’ लिहून मदत मागितली, तर ती माहिती हेच उत्तर. ती स्टँडर्ड आउटपुटवर जावी आणि प्रोग्रामने ‘काम झालं’ असं सांगणारा ० हा कोड द्यावा. जीएनयू प्रकल्पाचे नियमही हेच सांगतात.

• कमांड चुकली म्हणून माहिती दाखवायची असेल, तर ती स्टँडर्ड एररवर जावी आणि कोड ० सोडून दुसरा असावा.

पहिला नियम मोडला तर काय? लांब हेल्प पानापानाने वाचण्यासाठी ‘लेस’कडे किंवा त्यातला एखादा शब्द शोधण्यासाठी ‘ग्रेप’कडे पाठवली, तरी त्यांच्या हाती काहीच लागत नाही.

दुसरा मोडला, तर गोदामातल्यासारखा घोळ होतो. त्यात कोडही ० आला, तर सगळं सुरळीत आहे असं समजून पुढची कामं त्याच फाइलवर सुरू होतात. नियम पाळला असता, तरी त्या रात्रीची यादी निघाली नसतीच. पण फाइल रिकामी राहिली असती, कोडवरून चूक कळली असती आणि पुढची कामं थांबवता आली असती.

मोठ्यांनाही सुधारावं लागलं

जावामध्ये जुना ‘-हेल्प’ पर्याय माहिती एररच्या वाटेवर टाकतो, तर २०१७च्या जावा ९पासून आलेला ‘--हेल्प’ ती आउटपुटवर देतो. पायथॉननेही ३.४ या आवृत्तीत ‘--व्हर्जन’चं उत्तर एररवरून आउटपुटवर आणलं.

थोडक्यात, मागितलेली मदत म्हणजे उत्तर. न मागता आलेली मदत म्हणजे तक्रार.